संरक्षण खात्यासाठीचं सॉफ्टवेअर : टीम सांभाळायची ऑफर आलीय, अनुभवी मंडळींनी बोला

टिळकवाडीची_लेक

नमस्कार मंडळी. घर टिळकवाडीत, इंजिनिअरिंग बेळगावातच केलं, मग पुण्याला. तिथं पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम केलं आणि शेवटची काही वर्षं टीम लीड होते. आता आई-बाबांसाठी परत यायचंय, आणि नेमकी बेळगावातल्याच एका छोट्या कंपनीची ऑफर आलीय. लष्करी विमानात बसणाऱ्या एका उपकरणाचं सॉफ्टवेअर आहे. काम बंगळुरूच्या मोठ्या ठेकेदाराकडून येणार, टीम इथं बसणार आणि ती मी सांभाळायची. कंपनीचं नाव आणि उपकरण विचारू नका, सांगणार नाही.

मुलाखतीत एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "तुमच्याकडं रोज रिलीज होतं ना? आमच्याकडं वर्षातून एक झालं तरी लोक दचकतात." सगळे हसले. मग त्यांनी एक फाईल दाखवली. कोडमधला बदल जेमतेम दहा ओळींचा आणि त्याच्या मागं हा जाडजूड गठ्ठा : बदल का हवा, कोणी मागितला, कशाकशाला धक्का लागेल, कुठल्या चाचण्या परत केल्या, सह्या, परत सह्या.

हे सगळं खरंच लागतं की सरकारी सवय म्हणून चालत आलंय? आणि अशा कामात मॅनेजर दिवसभर करतो तरी काय? वेळापत्रक कसं धरतात? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. माहितीपर लिंका नकोत, त्या वाचून झाल्या.

शहापूरचा_शंकऱ्या

अभिनंदन ओ ताई! घ्या की ऑफर, विचार कसला करताय? आमची सगळी बॅच पुणे-बंगळुरूला जाऊन बसलीय. कुणीतरी उलटं आलं म्हणजे बातमीच झाली.

एचएसआर_लेआउट

मी निपाणीचा, आता बंगळुरूत स्टार्टअपमध्ये. रोखठोक बोलतो. तो गठ्ठा म्हणजे १९८० च्या दशकाचं भूत. आधी सगळी कागदपत्रं, मग सगळं डिझाइन, मग कोड, आणि शेवटी कळतं की सैन्याला हे नकोच होतं. सहा वर्षांनी माल हातात येतो तोवर प्रोसेसर बाजारातून गायब झालेला असतो. जगभर सैन्यंसुद्धा आता छोट्या-छोट्या टप्प्यांनी काम करायला लागलीत. तुमच्या पेमेंटच्या अनुभवाची तिथं गरज आहे, त्यांच्या गठ्ठ्याची तुम्हाला नाही.

पडताळणीवाला

मी चिकोडीचा. बंगळुरूत विमानांच्या सॉफ्टवेअरच्या पडताळणीत उमेदीची वर्षं काढली, आता निवृत्त. कुठल्या प्रकल्पात ते लिहिणार नाही, पण बाहेर छापून आलेल्या गोष्टींवर बोलायला हरकत नाही.

ताई, आधी एक प्रसंग नीट समजून घ्या. सगळ्यांना तो एका ओळीत माहीत असतो, आणि त्या एका ओळीत त्याचा अर्थ हरवतो. २५ फेब्रुवारी १९९१, सौदी अरेबियातलं धहरान. इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ जण गेले. संरक्षणाला तिथं पेट्रियटची बॅटरी, म्हणजे येणारी क्षेपणास्त्रं पाडणारी तुकडी होती, चालू होती, पण तिने एकही क्षेपणास्त्र सोडलं नाही. का? तिचं घड्याळ सेकंदाचे दहा भाग करून मोजायचं. ०.१ ही संख्या बायनरीत पूर्ण बसत नाही, शेपूट राहतंच. २४ बिटांच्या रजिस्टरमध्ये ते शेपूट कापलं जायचं. प्रत्येक टिकटिकीला चूक सेकंदाच्या साधारण कोटीव्या भागाएवढी. कोण लक्ष देणार? पण ती बॅटरी सलग १०० तासांच्या आसपास चालू होती आणि तोवर साचत साचत चूक ०.३४ सेकंदावर गेली. एवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढं सरकतं. रडार भलत्याच जागी बघत राहिलं. तिथं काही दिसेना, म्हणून त्याने ठरवलं की लक्ष्यच नाही.

इथपर्यंतचं सगळे सांगतात. मॅनेजरचं प्रकरण यापुढं आहे. ही यंत्रणा मुळात विमानांविरुद्ध, आज इथं उद्या तिथं हलवत, थोडे तास चालवायची अशा हिशेबानं बांधलेली. ११ फेब्रुवारीलाच इस्रायलकडून आकडे आले होते की आठ तासांतच लक्षणीय फरक पडतो. सुधारित सॉफ्टवेअर १६ तारखेला निघालं. २१ तारखेला तैनात तुकड्यांना संदेश गेला की यंत्रणा फार वेळ चालू ठेवली तर अडचण येऊ शकते. "फार वेळ" म्हणजे किती, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. बंद करून चालू करायला मिनिट-दीड मिनिट लागलं असतं आणि घड्याळ शून्यावर आलं असतं. नवं सॉफ्टवेअर धहरानला पोचलं २६ फेब्रुवारीला. तारीख परत वाचा.

आता सांगा, यात कोडरची चूक किती आणि सांभाळणाऱ्यांची किती? "सलग अमुक तासांपेक्षा जास्त चालवू नये" हे वाक्य आवश्यकतांच्या कागदात आकड्यासकट असतं, तर त्याची चाचणी झाली असती आणि वापरणाऱ्याच्या पुस्तिकेतही ते उतरलं असतं. तुमच्या त्या गठ्ठ्यात "कशाकशाला धक्का लागेल" हे पान असतं ना, ते यासाठी.

गठ्ठ्याची जाडी सगळीकडं सारखी नसते, हेही सांगतो. विमानांसाठी डीओ-१७८ नावाचं मानक आहे, सध्याची सी आवृत्ती २०११ ची. मूळ नागरी विमानांचं, पण लष्करी कामातही तेच धरतात. त्यात ए ते ई अशा पातळ्या. ए म्हणजे बिघडलं तर विमान आणि माणसं जाणार, ई म्हणजे काहीच फरक पडत नाही. सी पातळीला प्रत्येक ओळ चाचणीत चालून गेलेली दाखवावी लागते. बी ला कोडमधल्या प्रत्येक हो-नाहीच्या फाट्याच्या दोन्ही बाजू. ए ला त्याहून पुढं. समजा, शस्त्र सुटायला तीन अटी आहेत : चाकं वर घेतलेली, मास्टर आर्म (शस्त्रांचा मुख्य स्विच) चालू, वैमानिकानं बटण दाबलेलं. एकूण जोड्या आठ होतात. ए पातळीला निदान चार चाचण्यांत सिद्ध करावं लागतं की तिन्ही अटी खऱ्या असल्या की शस्त्र सुटतं, आणि इतर दोन तशाच ठेवून कुठलीही एक खोटी केली की सुटत नाही. म्हणजे प्रत्येक अटीला स्वतःचं वजन आहे, ती नुसती शोभेला नाही. अशा अटी कोडमध्ये हजारोंनी असतात. वेळापत्रक तिथं खर्च होतं, कोड लिहिण्यात नाही.

एचएसआर_लेआउट

काका, पेट्रियट १९९१ चं. मी आजचं बोलतोय. अमेरिकी हवाई दलाचं आखातातलं केंद्र २०१६ मध्येसुद्धा हवेत इंधन भरणाऱ्या विमानांचं नियोजन फळ्यावर लिहून करत होतं. मोठ्या कंत्राटाचं सॉफ्टवेअर येतंय येतंय म्हणून वर्षं गेली. शेवटी हवाई दलाची माणसं आणि बाहेरचे प्रोग्रामर एकत्र बसले, काही महिन्यांत चालणारं साधन तयार. त्यातून केसल रन नावाचा विभागच निघाला. हे कसं झालं मग, गठ्ठ्याशिवाय?

पडताळणीवाला

उत्तम उदाहरण दिलंस, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. ते नियोजनाचं साधन. चुकलं तर माणूस परत फळ्याकडं जातो. उड्डाण नियंत्रणाचा संगणक चुकला तर वैमानिक कुठल्या फळ्याकडं जाणार? दोन्हीला एकच माप लावणं हीच मॅनेजरची पहिली फसगत. नियोजनाच्या साधनाला ए पातळीचा गठ्ठा लावणारे महाभागही मी पाहिलेत, त्यांच्याबद्दलचा तुझा राग रास्त आहे.

छोटे टप्पे आम्हीही करायचो. दर पंधरवड्याला सॉफ्टवेअरचं चालणारं बिल्ड जमिनीवरच्या चाचणीच्या रिगवर चढायचं. फक्त ते विमानात जायचं नाही.

सांबरा_निवृत्त

जय हिंद. हवाई दलात तंत्रज्ञ होतो, प्रशिक्षण आपल्या सांबऱ्यालाच झालं, आणि निवृत्त होऊन परत सांबऱ्याच्या अलीकडंच घर बांधलं. पडताळणीवाले साहेब वरून बोलतात, मी हँगरमधून बोलतो.

एका तळावर (नाव नको) एका विमानाचा एकच स्नॅग, म्हणजे बिघाड, परत परत यायचा. उपकरणाची पेटी काढली, चाचणी बेंचवर लावली तर ठीक. परत बसवली, उड्डाणात परत तेच. शेवटी स्टोअरमधून दुसरी पेटी मागवली, तर तिनं भलताच तिसरा स्नॅग दाखवला. डोकं फिरायची वेळ. मग आमच्यातला एक पोरगा दोन्ही पेट्या शेजारी ठेवून टॉर्च मारत बसला. पार्ट नंबर हुबेहूब एकच. पण मागच्या बाजूला नखाएवढं चिकटपट्टीचं लेबल होतं, त्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती. एकीचं निम्मं पुसलेलं, दुसरीचं वेगळं. ज्या पेटीशी ही बोलायची तिच्यात तिसरीच आवृत्ती. कारखान्यातून बदल करून पाठवलेल्या पेट्या आणि जुन्या पेट्या स्टोअरमध्ये एकाच फळीवर ठेवलेल्या. फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, आम्ही पेटीचा पार्ट नंबर आणि सीरियल नंबर इमानेइतबारे लिहिलेला, आवृत्ती लिहायला रकानाच नाही.

ताई, तुमची टीम आवृत्ती बदलेल तेव्हा मशीनवर आकडा बदलून मोकळी होईल. तो बदल स्टोअरच्या फळीपर्यंत, आमच्या पोरांच्या हातापर्यंत कसा जाणार, ते तुम्ही आधी ठरवा. पेटी चालू केली की पडद्यावर स्वतःची आवृत्ती दाखवते आणि शेजारच्या पेटीशी जमत नसेल तर तसं सांगते, एवढं जरी केलं तरी आमचे आशीर्वाद मिळतील.

सेव्हिलचं एअरबस ए-४००एम आठवा. ९ मे २०१५, नवं कोरं लष्करी मालवाहू, कारखान्यातून पहिल्या उड्डाणाला निघालं आणि चार जण गेले. कोडमध्ये दोष नव्हता. सॉफ्टवेअर भरताना तीन इंजिनांच्या टॉर्कची कॅलिब्रेशनची माहिती पुसली गेली, आणि ते जमिनीवर कुणाला कळलं नाही.

उद्यमबाग_फाउंड्री

आम्ही ओतकामवाले, सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडं पंपाच्या कास्टिंगला कुणी काही विचारत नाही. पण संरक्षणाची ऑर्डर असली की प्रत्येक नगावर हीट नंबर ठोकायचा. कुठल्या भट्टीचा, कुठल्या दिवशीचा, त्यात भंगार कुठून आलं, टेस्ट बार कुठं ठेवलाय, सगळं त्या नंबरावरून निघालं पाहिजे. नवीन पोरं कुरकुरतात. एकदा एका नगाला चीर निघाली, तर पार्टी म्हणाली त्याच हीटचे बाकीचे नग कुठं गेले सांगा. तासाभरात सांगितलं. नंबर नसता तर अख्खा लॉट परत आला असता आणि आम्ही घरी बसलो असतो. तुमचा गठ्ठा हेच करतोय की, दुसरं काय?

पडताळणीवाला

शंभर टक्के. आम्ही त्याला ट्रेसेबिलिटी म्हणतो. प्रत्येक आवश्यकतेपासून डिझाइनपर्यंत, तिथून कोडच्या ओळीपर्यंत, तिथून चाचणीपर्यंत दोरा गेला पाहिजे. आणि उलटाही आला पाहिजे. एखादी ओळ अशी सापडली की जी कुठल्याच आवश्यकतेसाठी नाही, तर विचारायचं, ही बाई इथं काय करते? युरोपचं एरियन-५ रॉकेट आठवतं का? ४ जून १९९६, मुख्य इंजिन पेटल्यापासून ३७ सेकंदांत मार्गदर्शन गेलं. एरियन-४ मधून उचललेला तुकडा, ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबायला गेला. आणि उड्डाण झाल्यावर त्या गणिताची एरियन-५ ला गरजच नव्हती! जुन्या यानाच्या सोयीसाठी ते चालू ठेवलेलं. यान लष्करी नव्हतं, पण धडा सगळ्यांना लागू. "हे आधीच्या प्रकल्पात चाललंय" हे वाक्य कुणी बोललं की मी पेन खाली ठेवून ऐकायचो.

टिळकवाडीची_लेक

बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. सांबऱ्याच्या काकांची लेबलची गोष्ट मी वहीत उतरवून घेतली.

आता पुढचा प्रश्न. आवश्यकता मधेच बदलल्या तर? पेमेंटमध्ये ग्राहक रोज मत बदलायचा, आम्ही सवयीने घ्यायचो. इथं सैन्यानं मत बदललं तर "नाही" म्हणायची सोय आहे का? आणि खरं काय हवंय ते कुणाला विचारायचं? मला भेटणार फक्त बंगळुरूचा ठेकेदार.

खानापूरचा_सुभेदार

राम राम. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, गाव खानापूर तालुक्यात. मी विमानातला नव्हे, जमिनीवरचा. पण "कुणाला विचारायचं" याचं उत्तर माझ्याकडं हाय.

उंचावरच्या एका पोस्टवर आम्हाला हातात धरायचं एक यंत्र चाचणीला दिलं होतं. नकाशा, संदेश, सगळं झकास. दिल्लीतल्या हॉलमध्ये साहेब लोकांपुढं दाखवलं तेव्हा टाळ्या पडलेल्या म्हणे. वर नेलं. तिथं हातात दोन-दोन मोजे. बटणं एवढी बारकी की एक दाबलं तर तीन दाबली जायची. मोजा काढला तर बोट गेलंच समजा. तातडीचा संदेश पाठवायला मेनूच्या आत मेनू, त्याच्या आत मेनू. आणि दर वेळी विचारणार, "नक्की पाठवायचा का?" अरे बाबा, वरून शेल पडतोय आणि हा मला विचारतोय नक्की का! पोरांनी ते यंत्र बाजूला ठेवलं आणि जुना सेट उचलला. आमच्या कंपनी कमांडर साहेबांनी अहवालात सगळं लिहिलं. पुढं काय झालं देव जाणे.

एक पोरगा आला असता आठ दिवस पोस्टवर, आमच्याबरोबर डाळ-भात खाल्ला असता, तर हे कागदावर लिहायची पाळीच आली नसती. ताई, तुमच्या पोरांना हँगरमध्ये पाठवा. परवानगी मिळत नाही म्हणतील. मागा. परत मागा.

सांबरा_निवृत्त

सुभेदारसाहेब, सलाम. सीमाभागात वापरणारी माणसं घराघरांत आहेत ओ. इथं सांबरा, तिकडं बिदरला हॉक विमानांवर वैमानिक शिकतात, खाली कारवारला नौदलाचा तळ, आयएनएस कदंब. गुपित काही न विचारता नुसतं "दिवस कसा जातो, हात कुठं अडतो" एवढं विचारलं तरी निम्मं समजेल.

कारवार_किनारा

आमचं नाव निघालं म्हणून लिहितो. नौदलात कारकुनी बाजूला होतो, पण जहाजावरची यॉर्कटाउनची गोष्ट सगळ्यांना पाठ. सप्टेंबर १९९७, अमेरिकेची क्रूझर. कमी माणसांत जहाज चालवायचं म्हणून संगणकांचं जाळं बसवलेलं. कुणीतरी माहितीच्या एका रकान्यात शून्य भरलं, प्रोग्रामनं त्या शून्यानं भाग दिला, आणि जाळं कोसळून जहाजाची चाकंच थांबली. म्हणजे प्रॉपेलर. दोन तासांहून जास्त वेळ समुद्रात तरंगत. शून्य भरणाऱ्या पोराला शिव्या घालून काय उपयोग? रकान्यानं शून्य घेतलंच का?

सल्लागार_निपाणी

मी संरक्षण खरेदीच्या कागदपत्रांत सल्ला देण्याचं काम करतो, त्यामुळं "नाही म्हणायची सोय" यावर.

सोय असते, पण ती कंत्राटात आधी बांधून घ्यावी लागते. सैन्याच्या गरजा क्यूआरमध्ये लिहिलेल्या असतात. लष्कर, नौदल, हवाई दल, प्रत्येकाचे वेगळे. ते लिहिणारे अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. नवे साहेब येतात, त्यांनी मधल्या काळात कुठल्या तरी प्रदर्शनात नवं काही पाहिलेलं असतं. मग "हेही जमेल ना?" सुरू होतं. बैठकीत तोंडी मान डोलावलीत की संपलात. बदलांसाठी मंडळ असतं, चेंज कंट्रोल बोर्ड. प्रत्येक मागणी तिथं लेखी जाऊ द्या, किती दिवस, किती पैसे, कुठल्या चाचण्या परत, हे सगळं सोबत जोडून. निम्म्या मागण्या तो कागद बघूनच परत जातात. उरलेल्या खऱ्या असतात, त्या आनंदानं करा.

दुसरं, पैसे टप्प्यांवर मिळतात. डिझाइन आढावा झाला की इतके, चाचणी झाली की इतके. त्यामुळं आढाव्याच्या तारखेला कागद "तयार" दिसतात, आत अर्धी पानं "पुढील आवृत्तीत भरू" अशी. माझं मत विचाराल तर या क्षेत्रातला सगळ्यात महाग खोटेपणा हाच. मार्च आला की तर विचारू नका.

तिसरं, सोर्स कोड आणि त्याचे पुरावे कुणाच्या मालकीचे? ब्रिटननं १९९५ मध्ये आठ चिनूक हेलिकॉप्टरं मागवली, एमके-३. आली. पण कॉकपिटच्या सॉफ्टवेअरचा कोड आणि त्याचे पुरावे मिळवायची कंत्राटात तरतूद नव्हती, त्यामुळं ती ब्रिटिश नियमांप्रमाणे उडायला सुरक्षित आहेत हे दाखवताच येईना. वर्षानुवर्षं हँगरमध्ये पडून राहिली. शेवटी जुन्या पद्धतीचं कॉकपिट बसवून वापरात घेतली. उडणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये दोष नव्हता, दोष करारात. तुमच्या छोट्या कंपनीनं कुठून एखादी तयार कोडची लायब्ररी, ऑपरेटिंग सिस्टिम घेतली असेल तर तिचे प्रमाणनाचे पुरावे मिळणार का, हे पहिल्या आठवड्यात बघा.

एचएसआर_लेआउट

सल्लागार साहेबांचं मार्चचं वाक्य वाचून मोठ्यानं हसलो. मान्य, माझा मुद्दा थोडा घाईचा होता. पण एक सांगा, एवढं सगळं करून आपल्याकडं काही वेळेत झालंय का? तेजसला किती वर्षं लागली?

पडताळणीवाला

हा प्रश्न येणारच होता. उशीर झाला, नाकारत नाही. त्याची कारणं अनेक, इंजिनपासून क्यूआर बदलण्यापर्यंत. पण सॉफ्टवेअरपुरतं बोलायचं तर तेजसकडं मान खाली घालून बघायचं कारण नाही.

ते विमान मुद्दामच अस्थिर बांधलंय. त्यानं चपळता येते. पण मग संगणकानं दर क्षणी सावरलं नाही तर वैमानिकाच्या हातात काही राहत नाही. म्हणून उड्डाण नियंत्रणाचे चार समांतर मार्ग, एक-दोन गेले तरी बाकीचे सांभाळतील असे. हे काम चालू असताना मे १९९८ मध्ये पोखरण झालं, अमेरिकेनं निर्बंध घातले, तिकडं काम करणारे आपले इंजिनिअर परत पाठवले गेले. तिथलं सामान, तिथली मदत, सगळं बंद. मग इथंच आयर्न बर्डवर, म्हणजे जमिनीवर मांडलेल्या विमानाच्या पूर्ण नियंत्रण यंत्रणेवर, तासन् तास चाचण्या. ४ जानेवारी २००१ ला पहिलं उड्डाण.

स्वीडनचं ग्रिपेन बघा, तेही अस्थिर, तेही संगणकावर. १९८९ मध्ये पहिलं नमुना विमान उतरताना आपटलं, १९९३ मध्ये स्टॉकहोममध्ये भर गर्दीपुढं दुसरं पडलं. दोन्ही वेळा वैमानिक आणि नियंत्रणाची गणितं एकमेकांवर कुरघोडी करत गेली. दोन्ही वेळा वैमानिक तोच, आणि दोन्ही वेळा वाचला! आपल्याकडं हे लोकांनी अभ्यासलं होतं, म्हणून घाई केली नाही. पहिल्या उड्डाणापासून २०२४ पर्यंत एकही तेजस पडलं नाही.

संचालक

२०२४ चं जैसलमेर आणि २०२५ चं दुबई, तेजसच्या या दोन्ही अपघातांच्या कारणांवर इथं अंदाज लढवू नयेत. एक प्रतिसाद उडवला आहे. तसंच चालू प्रकल्पांची नावं, तळांची माहिती टाकू नका. धागा चांगला चाललाय, तसाच राहू द्या.

शहापूरचा_शंकऱ्या

उडवलेला माझा होता, सॉरी. 🙏

टिळकवाडीची_लेक

कंपनीत परत जाऊन बोलले. आवृत्तीचं, लायब्ररीच्या पुराव्यांचं विचारलं. लायब्ररीचं उत्तर चांगलं मिळालं, कागद दाखवले. आवृत्तीचं "बघू" म्हणाले. बदलांचं मंडळ ठेकेदाराकडं आहे, त्यात आमचा एक माणूस बसेल.

एक गोष्ट मात्र खटकली. चाचणी करणारी चार मुलं आहेत, तीही माझ्याच हाताखाली. कोड लिहिणारे आणि तपासणारे, दोघांचं अप्रेझल मी करणार. ते म्हणाले, छोटी कंपनी आहे, वेगळं खातं परवडत नाही. हे ठीक आहे का?

पडताळणीवाला

नाही. वरच्या दोन पातळ्यांना बऱ्याच बाबी स्वतंत्रपणे तपासायच्या असतात. म्हणजे निदान ज्यानं लिहिलं त्यानंच तपासलं असं चालत नाही. कागदावर तुमची कंपनी यात बसेलही, कारण माणसं वेगळी आहेत. पण तारीख गळ्याशी आली की तुमच्या एका टेबलावर दोन गोष्टी येतील : एका मुलाची सापडलेली चूक आणि दुसऱ्या मुलाचं "हे पुढच्या आवृत्तीत घेऊ". निर्णय तुमचा, आणि बोनसही तुमचा. तुम्ही कितीही सज्जन असा, त्या जागेवर बसायला नको.

वेगळं खातं परवडत नसेल तर एवढं तरी मागा. चाचणीवाल्यांचं अप्रेझल दुसऱ्या कुणीतरी करायचं, मालकांनी स्वतः केलं तरी चालेल. त्यांनी नोंदवलेली अडचण बंद करायची सही त्यांचीच, तुमची नाही. आणि त्यांना ठेकेदाराच्या गुणवत्ता विभागाशी थेट बोलता आलं पाहिजे, तुमच्या मेलमधून नाही. शेवटी विमानात जायचं तर सेमिलॅकची, म्हणजे लष्करी विमानांच्या प्रमाणनाच्या सरकारी संस्थेची, माणसं कागद बघायला येतात, आणि त्यांचा पहिला हात याच पानावर पडतो.

सल्लागार_निपाणी

आणि हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या, रुजू झाल्यावर नाही. आता त्यांना तुमची गरज आहे.

उद्यमबाग_फाउंड्री

आमच्याकडं इन्स्पेक्शनचा माणूस उत्पादनाच्या सुपरवायझरच्या हाताखाली होता तोवर रिजेक्शन शून्य यायचं बघा. काढला आणि माझ्या हाताखाली घेतला, पहिल्याच महिन्यात झोप उडाली.

खानापूरचा_सुभेदार

😄 खरं हाय.

टिळकवाडीची_लेक

तिन्ही मुद्दे लिहून आजच मेल केला. सोमवारी उत्तर देतो म्हणालेत. अप्रेझलच्या मुद्द्यावर अडले तर मी पुण्यातच राहते, आई-बाबांना तसं सांगून ठेवलंय.

शहापूरचा_शंकऱ्या

जमेल ओ ताई. आणि जमलं तर एक बघा, माझा भाऊ व्हीटीयूतून यंदाच पास झालाय. सी येतं, ते डीओ-बिओ काही येत नाही. चाचणीवाल्यांत जागा असली तर बायोडेटा कुठं पाठवू?

टिळकवाडीची_लेक

आधी माझं ठरू दे. पण त्याला सांगा, वर पडताळणीवाल्या काकांनी तीन अटींच्या चार चाचण्या लिहिल्यात ना, तसंच चार अटींचं उदाहरण स्वतः घालून मला व्यक्तिगत निरोपात पाठव म्हणावं. मधली एखादी अट "किंवा"नं जोडलेली घे म्हणावं, सगळ्या "आणि" नको.